हरले की कोहली, जिंकले की टीम

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी मुंबई इंडियन्सवाला आहे. नेरुळमध्ये वाढलो, निळी जर्सी कपाटात आहे, आणि २०२२ साली टीम पॉइंट्स टेबलच्या तळाला गेली तेव्हाही ती फरशी पुसायला दिली नाही (आईने एकदा विचारलं होतं). तेव्हा पुढचं वाचून कुणी "हा आरसीबीचा छुपा माणूस आहे" वगैरे म्हणू नये. आज मला भांडायचंय ते आपल्याच लोकांशी. घरातलं भांडण आहे, घरातच मिटवू.

तर प्रसंग ३ जून २०२५ चा. अहमदाबादला आयपीएलची फायनल, आरसीबी विरुद्ध पंजाब. मुंबई दोनच दिवसांपूर्वी त्याच मैदानावर पंजाबकडून हरून बाहेर पडलेली, त्यामुळे आम्हाला तसं काही सोयरसुतक नव्हतं. तरी आईबाबा गावाला गेलेले, हॉल मोकळा, म्हणून ऑफिसातले पाच मुंबईवाले माझ्याकडे जमले. आणि सहावा आमचा बेळगावकर. हा ऐरोलीच्या ऑफिसात माझ्यापासून दोन डेस्क सोडून बसतो. घरी मराठी, शाळा मराठी, आणि टीम आरसीबी. सीमाप्रश्नाचं हे अंग अजून कुणी मांडलेलं नाही. आम्ही छेडलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "राज्याचं मला काय विचारू नका, टीमचं विचारा की."

कोहली ३५ बॉलमध्ये ४३ करून आउट झाला तेव्हा आमच्या हॉलमध्ये जो जल्लोष झाला, तो पंजाबच्या ड्रेसिंग रूममध्येही झाला नसेल. "घालवली बघ याने!" "फायनल आहे का टेस्ट मॅच?" "अठरा नंबर, अठरावा सीझन, पुढच्या अठरा वर्षांनी भेटू!" बेळगावकर काही बोलला नाही. तो पाय पोटाशी घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसला होता. मग आरसीबीच्या १९० झाल्या, पंजाब १८४ वर थांबलं, आणि शेवटच्या ओव्हरचे काही बॉल बाकी असतानाच कोहली मैदानावर तोंड झाकून रडायला लागला. इकडे बेळगावकरसुद्धा. आम्ही पाच जण एकमेकांकडे बघत होतो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. कँटीनमध्ये आमच्यातला एक जण पोह्याची बशी घेऊन बसता बसता म्हणाला, "कप काय कोहलीने थोडाच जिंकला? कृणाल पंड्याने जिंकला. मॅन ऑफ द मॅच कोण होता बघ ना." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घास अर्धा गिळला आणि मग लक्षात आलं की गेली सतरा वर्षं आपण बरोबर उलटं बोलत आलोय. २००८ ते २०२४ आरसीबी हरली ती कोहलीमुळे, आणि २०२५ ला जिंकली ती मात्र टीममुळे. हरले की कोहली, जिंकले की टीम. अहो, दोन्ही एकदम कसं चालेल? एक तर कप हा एका माणसाच्या बॅटवर ठरतो, किंवा नाही ठरत. काय ते एकदा ठरवा आणि मग सगळ्यांना तीच पट्टी लावा.

आता आरोपपत्र आधी नीट वाचू. ते खोटं आहे असं माझं म्हणणं मुळीच नाही. कोहलीचं प्लेऑफमधलं रेकॉर्ड त्याच्या नावाला शोभणारं नाही. २०१६ च्या क्वालिफायरमध्ये शून्य. २०२० च्या एलिमिनेटरमध्ये ६. २०२२ ला अहमदाबादच्या क्वालिफायरमध्ये ७. एप्रिल २०२४ मध्ये जयपूरला त्याने ६७ बॉलमध्ये शतक काढलं, आयपीएलमधल्या सर्वांत संथ शतकांच्या बरोबरीचं, आणि ती मॅच राजस्थानने आरामात जिंकली. मग स्ट्राइक रेटबद्दल बोलणाऱ्यांना त्याने जाहीरपणे सुनावलं, तेही मला आवडलं नव्हतं. २०१३ ते २०२१ तो पूर्णवेळ कर्णधार होता आणि त्यात २०१७ आणि २०१९ ला टीम शेवटून पहिली आली. २०१७ ला तर ईडन गार्डन्सवर ४९ मध्ये ऑलआउट. कर्णधार म्हणून याचा हिशोब त्याने द्यायलाच हवा. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

आता हीच पट्टी घरी आणू. रोहित शर्मा. आपला माणूस, बोरिवलीचा. मुंबईसाठी पाच फायनल जिंकल्या, पाचही वेळा कर्णधार. त्या पाच फायनलमधले त्याचे रन असे: २०१३ ला २, २०१५ ला ५०, २०१७ ला २४, २०१९ ला १५, २०२० ला ६८. बेरीज १५९, सरासरी ३१.८. कोहली २०२५ धरून चार फायनल खेळला: २००९ ला ७, २०११ ला ३५, २०१६ ला ५४, २०२५ ला ४३. बेरीज १३९, सरासरी ३४.७५. हे गणित मी दोनदा केलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

म्हणजे काय, तर फायनलच्या रात्री दोघांच्या बॅटमधून साधारण सारखंच निघालं. एकाच्या नावावर पाच कप, दुसऱ्याच्या नावावर १८ सीझनमध्ये एक. हा जो चार कपांचा फरक आहे तो या रनांमध्ये नाहीये. कुठेतरी दुसरीकडे आहे. (कुणी म्हणेल, रोहितचं श्रेय काढून घेतोस? अजिबात नाही. त्याचं श्रेय कुठे आहे ते खाली येतंच.)

ते दुसरीकडे कुठे, हे बघायला फार लांब जायला नको. मुंबईच्या पाच फायनलचे मॅन ऑफ द मॅच बघा. २०१३ पोलार्ड, २०१५ रोहित, २०१७ कृणाल, २०१९ बुमराह, २०२० बोल्ट. पाचातल्या चार वेळा दुसराच कुणीतरी. २०१७ ला हैदराबादला पुण्याच्या टीमविरुद्ध आपण ७ बाद ७९ होतो. कृणालने ४७ काढले म्हणून कसेबसे १२९ झाले, आणि शेवटच्या ओव्हरला ११ हव्या असताना मिचेल जॉन्सनने लागोपाठच्या दोन बॉलवर दोन विकेट काढल्या. एका रनने जिंकलो. २०१९ ला पुन्हा हैदराबाद, पुन्हा एक रन. बुमराहच्या चार ओव्हरमध्ये १४ रन आणि २ विकेट. मलिंगाला त्याच्या आधीच्या ओव्हरमध्ये बेदम मार पडला होता, तरी शेवटची ओव्हर रोहितने त्यालाच दिली आणि त्याने शेवटच्या बॉलवर शार्दूलला पायचीत केलं. हे रोहितचं श्रेय. आणि हा निर्णय घेता येतो कधी, तर हाताशी मलिंगा असतो तेव्हा.

आता कोहलीच्या हाताशी काय होतं ते बघा. २०१६ ची फायनल, बंगळुरूचं घरचं मैदान. त्या सीझनला कोहलीचे ९७३ रन, चार शतकं. पण त्या रात्री वॉटसनने चार ओव्हरमध्ये ६१ दिले, त्यातले २४ एकट्या शेवटच्या ओव्हरमध्ये. हैदराबादच्या २०८. उत्तरादाखल गेल आणि कोहलीची सलामीलाच ११४ ची भागीदारी, गेल ७६, कोहली ५४. त्यानंतर टीम गडगडली आणि ८ रनने हरली. शेवटच्या एका ओव्हरमध्ये २४ दिले आणि मॅच ८ ने गेली, हे साधं गणित पाचवीतल्या पोरालाही समजेल. पण दुसऱ्या दिवशीचे सगळे विनोद कोणावर होते? कोहलीवर! आणि तोच वॉटसन २०१८ ला वानखेडेवर चेन्नईकडून फायनलमध्ये नाबाद ११७ मारून कप घेऊन गेला. आरसीबीने त्याला सोडून दिलं होतं.

आमच्या धंद्यात याला रूट कॉज ॲनालिसिस म्हणतात, आणि तो कसा करू नये याचा मी साक्षीदार आहे. माझ्या पहिल्या नोकरीत एका मोठ्या रिलीजच्या रात्री सिस्टिम आडवी झाली. दुसऱ्या दिवशीच्या कॉलवर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, आमच्या सगळ्यांत सीनियर डेव्हलपरचं. का, तर निम्मा कोड त्याचा होता, म्हणून प्रत्येक लॉगमध्ये नाव त्याचंच दिसायचं. टेस्टिंगचे दोन आठवडे कापून तीन दिवस केले होते, तो निर्णय कुठल्याच लॉगमध्ये दिसत नव्हता. तो माणूस स्वभावाने थोडा तिरसट होता, हेही खरं. त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही. दोन महिन्यांनी त्याने राजीनामा टाकला. पुढच्या रिलीजला सिस्टिम परत आडवी झाली. त्या कॉलवर मी गप्प बसलो होतो. फ्रेशर होतो, हे कारण मी स्वतःला अजून देतो.

असो. मुद्दा असा की ज्याचं नाव सगळ्यांत जास्त दिसतं त्यालाच आपण कारण समजतो. आरसीबीचा आजार लिलावाच्या टेबलावर होता. वर्षानुवर्षं वरचे तीन-चार बॅट्समन सोन्याचे आणि शेवटच्या चार ओव्हर टाकायला कोण, तर देव जाणे. त्यात घरचं मैदान छोटं. चहल त्यांच्याकडे होता, त्याला २०२२ च्या लिलावाआधी सोडला आणि त्याच सीझनला राजस्थानकडून त्याने २७ विकेट घेऊन पर्पल कॅप मिळवली. कर्णधार असतानाच्या खरेदीत कोहलीचाही वाटा असणार. हा आरोप करा, जोरात करा, मी टाळ्या वाजवीन. पण "मोठ्या मॅचला हा घाबरतो" हा आरोप वेगळा आहे. तो माणसाच्या काळजावर आहे, आणि त्याला पुरावा म्हणून तुम्ही वॉटसनची ओव्हर दाखवताय.

आणि २०२५ ला बदललं काय? कोहली तोच. सीझनभरात ६५७ रन, फायनलला ४३, तेही संथ. बदल झाला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात. हेझलवूड साडेबारा कोटी, भुवनेश्वर पावणेअकरा कोटी, कृणाल पावणेसहा कोटी. हेझलवूडने सीझनमध्ये २२ विकेट घेतल्या. भुवनेश्वरने फायनलच्या सतराव्या ओव्हरमध्ये दोन काढल्या (२०१६ च्या फायनलला हा समोरच्या टीममध्ये होता). कृणालच्या चार ओव्हरमध्ये १७ रन आणि २ विकेट. म्हणजे २०१७ ला आपल्याला जिंकवणारा आणि २०२५ ला त्यांना जिंकवणारा माणूस एकच निघाला! कँटीनमधला मित्र म्हणाला ते अक्षरशः खरं होतं, कप कृणालने जिंकला. फक्त त्याला हे कळलं नव्हतं की या एका वाक्याने त्याने आपला सतरा वर्षांचा युक्तिवाद स्वतःच कचऱ्यात टाकला.

आता नेरुळची एक गोष्ट, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर झाली. २०१० साली बंगळुरूच्या स्टेडियमबाहेर स्फोट झाले आणि सेमीफायनल तिथून हलवून आमच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आणल्या. २१ एप्रिलला मुंबईने इथे आरसीबीलाच ३५ रनने हरवलं. २५ तारखेला फायनल, चेन्नईविरुद्ध. मी बारा वर्षांचा, बाबांबरोबर गेलो होतो. सचिन कर्णधार. त्या सीझनला ६१८ रन करून ऑरेंज कॅप त्याच्याकडे. १६९ हव्या होत्या. सचिनने ४८ काढले आणि आउट झाला. मधे हरभजनला वर पाठवलं, आणि पोलार्ड आला आठव्या नंबरवर. आमच्या मागचे काका तेव्हा घसा फोडून ओरडत होते, "अरे पोलार्डला पाठवा!" तो आला, १० बॉलमध्ये २७ मारले, आउट झाला, आणि आपण २२ रनने हरलो.

परत येताना बाबा म्हणाले, "सचिनच्या हाताला टाके होते रे." खरंच होते, सेमीफायनलमध्ये लागलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत, सोसायटीत, सगळीकडे तेच. हाताला टाके होते, बाकीच्यांनी साथ दिली नाही, पोलार्डला उशिरा पाठवलं ती स्ट्रॅटेजी चुकली. सचिन मोठ्या मॅचला घाबरतो असं कुणीही म्हणालं नाही, आणि म्हणायला नकोच होतं. आपण तेव्हा बरोबर वागलो. एका हरलेल्या फायनलची पाच कारणं शोधली, एका माणसाच्या स्वभावाला कारण केलं नाही. माझं मागणं एवढंच आहे की जो न्याय आपण नेरुळमध्ये आपल्या कर्णधाराला दिला, तोच बंगळुरूच्या माणसालाही द्यावा.

"पण आपल्याकडे पाच आहेत!" हे वाक्य आता येणारच. आहेत की. आणि २०२४ ला रोहित, बुमराह, सूर्या, हार्दिक हे सगळे एकाच टीममध्ये असताना आपण दहापैकी दहावे आलो. नुसत्या स्टारांनी कप येत असता तर त्या वर्षी आपणच कप उचलला असता. वर त्या सीझनला वानखेडेवर आपण काय केलं? आपल्याच कर्णधाराची, हार्दिकची, हुर्यो उडवली. एक माणूस धरायचा आणि सगळं त्याच्या माथी मारायचं, ही सवय आपण घरातही वापरतो.

आणि एक आठवण द्यायची राहिली. २९ जून २०२४, बार्बाडोसला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल. त्याआधीच्या सात डावांत मिळून कोहलीचे ७५ रन होते. फायनलला एकट्यात ७६, तेही ५९ बॉलमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत "टेस्ट मॅच". रोहित ९. भारत ७ रनने जिंकला, मॅन ऑफ द मॅच कोहली. ४ जुलैला मी हाफ डे टाकून मरीन ड्राइव्हला गेलो होतो. त्या गर्दीत दोघांच्याही नावाने ओरडलो. रोहितला कुणी ९ बद्दल विचारलं नाही, कोहलीला कुणी ५९ बॉलबद्दल. तोच कोहली आणि तोच वेग, आपण मात्र तेव्हा दुसऱ्या बाजूला उभे होतो.

त्या मरीन ड्राइव्हवर गर्दीने माझे पाय दोन-तीनदा जमिनीवरून उचलले गेले होते. हातात एकच चप्पल घेऊन घरी आलो आणि आठवडाभर ती गोष्ट हसत हसत सांगितली. ४ जून २०२५ ला, कप जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, बंगळुरूच्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. संध्याकाळी बातमी आली तेव्हा बेळगावकर डेस्कवर फोन घेऊन बसला होता. त्याचा चुलत भाऊ बंगळुरूला असतो आणि फोन उचलत नव्हता. तासाभराने उचलला. तो घरीच होता. सकाळी कृणालचा सिद्धांत मांडणारा आमचा मित्र गुपचूप जाऊन त्याच्यासाठी चहा घेऊन आला. त्या चेंगराचेंगरीचा आणि आमच्या विनोदांचा काही संबंध नाही, आणि तो जोडायचाही नाहीये. पण त्या एका तासात मला एवढं कळलं की सतरा वर्षं आम्ही कोहलीला चिडवत होतो असं समजत होतो. कोहलीला ते कधी ऐकूच गेलं नाही. ऐकत होता तो दोन डेस्क सोडून बसलेला माणूस.

भांडणं बंद करा असं मी म्हणत नाही. भांडण नसेल तर एप्रिल-मेमध्ये माणसाने ऑफिसला जावं तरी कशाला? स्पिनवर कोहलीचा वेग का मंदावतो, यावर भांडा. आरसीबीने चहल का सोडला, यावर भांडा. कर्णधार म्हणून तो रोहितच्या जवळपासही नव्हता, असं म्हणा, मीसुद्धा म्हणतो. फक्त कपाचा वापर माणसाच्या हिमतीचं सर्टिफिकेट म्हणून करू नका, कारण ते सर्टिफिकेट नीट तपासलं तर आपल्या घरातले बरेच जण नापास होतील.

शेवटचं एक. आमच्यात २०१९ पासून पैज आहे. आरसीबी हरली की बेळगावकर अख्ख्या टीमला वडापाव देतो, जिंकली की आम्ही त्याला जेवण द्यायचं. सहा सीझन त्याने निमूट वडापाव दिले, आमच्या वाट्याची सुकी चटणीसुद्धा आठवणीने आणली. २०२५ ला आमची पाळी आली, तर एकाने मुद्दा काढला की कप कोहलीमुळे आला नाही तर पैज धरायची का? जून सरला, जुलै सरला. मध्यंतरी बेळगावकर घरी जाऊन आला आणि येताना सगळ्यांसाठी कुंदा घेऊन आला. आम्ही तो खाल्लासुद्धा.

येत्या शनिवारी वाशीला टेबल बुक केलंय. पाचही जणांनी आपापले पैसे आणायचे आहेत, आणि जेवताना स्ट्राइक रेट हा शब्द काढायचा नाही.